फ्यूजच्या जागी दिवा

मामाजी, तुम्ही गेलात त्याला आता चोवीस वर्षं होत आली. आपल्या अंगणात सध्या एक ट्रक उभा असतो. तुमच्या मुलाने चार वर्षांपूर्वी घेतला, तोही दुसऱ्याने वापरून सोडलेला, तुमच्या हाताखालून जायचे तसल्याच जुन्या बनावटीचा. गेल्या सोमवारी त्याच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज उडाला. नवा टाकला, तोही उडाला. त्यावरून घरात जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे जी तुम्ही असतानाच सांगायला हवी होती. मोताळ्याच्या रस्त्यावर तो माणूस गेला, तो तुमच्या डोळ्यांमुळे नाही गेला. माझ्यामुळे गेला. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. रोज देवापुढे बसते, पण तिथेही इतकं सरळ कधी म्हणाले नाही. तिथे 'कळत नकळत जे घडलं असेल ते' असं म्हणते, निरांजन ओवाळते आणि उठते. तुमच्या मुलाला यातलं काही ठाऊक नाही. यांच्या लेखी ती चूक अजून तुमचीच आहे, आणि चोवीस वर्षांत तुमचा विषय निघाला की यांच्या कपाळावर जी आठी येते, ती माझ्या चुकीची आठी आहे. ती पुसायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. तो मला सुटत नाही म्हणून लिहिते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दहावी पास, एवढंच चार लोकांत सांगण्यासारखं माझ्यापाशी होतं. धामणगावच्या स्टँडच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं दुकान होतं, ट्रकच्या वायरिंगचं, पण पहिले सहा महिने मी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. मग एक दिवस तुम्ही जेवायला बसलात आणि खिशातून वायरचे दोन तुकडे काढून माझ्यापुढे धरलेत. "माय, यातला हिरवा कोनता?" मी भाकर थापत होते, पिठाच्या बोटानेच दाखवला. मला वाटलं, शिकलेल्या सुनेची परीक्षा चालली आहे. दुसऱ्या दिवशी तीन तुकडे. तिसऱ्या दिवशी एक लाल आणि एक तपकिरी, दोन्ही ग्रीसने काळे पडलेले. ते मी पदराने पुसले, दारात उजेडाला नेले आणि मग सांगितलं. सासूबाई हसल्या, "काय पोरीची शाळा घेऊन राह्यले तुमी?" चौथ्या दिवशी त्या दळण घेऊन गेल्या होत्या. तेव्हा तुम्ही ताट पुढे सरकवलंत आणि चुलीकडे बघत म्हणालात, "मले रंग दिसत नाहीत, माय. पाच-सहा महिने झाले. सगळं कसं धुरकट दिसते. कोनाले सांगजो नोको." चुलीवरची भाकर त्या दिवशी करपली. तुम्ही ती करपलेली बाजू आत दुमडून खाल्लीत.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला दुकानावर न्यायला लागलात. घरी सांगितलंत, "शिकेल पोरगी हाये, टेपा अन् होल्डरं मांडून ठेवीन, नोंद ठेवीन." गिऱ्हाइकांना सांगितलंत, सून हात देते. खरं काय ते तुम्ही आणि मी जाणत होतो. तुम्ही वायर हातात धरायचात, मी पदर सावरत बाजूला बसून रंग सांगायची, तेही थेट नाही. नुसतं "लाल" म्हटलं तर ड्रायव्हरला कळलं असतं. म्हणून तुम्ही म्हणायचात, "सूनबाई, वाच पाहू," आणि मी शाळेतल्यासारखं म्हणायची, "पहिली लाल, दुसरी पिवळी, तिसरी काळी." लोकांना वाटायचं, तुम्ही मला शिकवताय. एक ड्रायव्हर होता, अकोल्याकडचा, मोठ्या मिशांचा. तो म्हणाला, "बुवा, सुनेले दुकानात आणलं, आता सासूले किलीनर ठेवता का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थे किलीनर राह्यली तं ट्रकचा मालकच पळून जाईन." सगळे हसले. शेजारचे पंक्चरवाले चाचाही हसले. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पळाला असता तं बरं झालं असतं." ते दोन महिने मला आठवतात ते असे, हसण्याचे. तेव्हा मला दुकान आवडायला लागलं होतं. घरात मी सून होते, तिथे माझ्यावाचून काम होत नव्हतं.

शॉट कसा शोधायचा ते तुम्ही मला एका रिकाम्या दुपारी शिकवलंत. म्हणालात, फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायरचं प्लास्टिक सोललं आहे आणि आतलं तांबं ट्रकच्या लोखंडाला लागतं आहे. "फ्यूज आपल्याले एवढंच सांगते का घरात चोर हाये. कोन्या खोलीत हाये, थे आपून पाहाचं." लोक फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळून मोकळे होतात, त्यांना तुम्ही शिव्या द्यायचात, मग फ्यूज उडत नाही, वायर जळते, कधी ट्रकच जळतो. तुमची रीत वेगळी होती. आधी मागचे सगळे बल्ब काढून ठेवायचे, म्हणजे वीज खाणारं काही उरत नाही. मग फ्यूजच्या जागी होल्डरमधला एक मोठा बल्ब दोन चिमट्यांनी जोडायचा. कुठे शॉट नसेल तर तो पेटायचं कारणच नाही. पेटला, म्हणजे चोर अजून आत आहे. मग एकाने केबिनमध्ये बसून त्या दिव्याकडे बघायचं, नुसतं बघायचं, आणि दुसऱ्याने ट्रकखाली आडवं होऊन वायरची जुडी हातभर हातभर हलवत मागे जायचं. ज्या जागी हात लागला की दिवा जातो, चोर त्या जागी. तुम्हाला दिवा दिसायचा नाही, रंग दिसायचे नाहीत, पण बोटं शाबूत होती. खाली तुम्ही, वर मी. "हाय?" "हाय." "आता?" "हाय." "आता?" असं चालायचं. मध्ये मी क्षणभर गप्प राहिले तरी खालून तुमचा आवाज यायचा, "माय, डोया उघडा हाय ना?" मी "गेला" म्हटलं की तुमचा हात तिथल्या तिथे थांबायचा, जसा काही दगडाचा झाला. तुम्ही माझ्या शब्दावर हात थांबवत होतात. हे मी तेव्हा नीट समजून घेतलं नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. कापसाने भरलेला एक ट्रक दुपारी आला. फ्यूज वारंवार उडत होता. ड्रायव्हर घाईत होता, अंधाराच्या आत त्याला निघायचं होतं. आणि घाईत मीही होते. माझा भाऊ जानेफळहून मूळ म्हणून, मला माहेरी न्यायला येणार होता. लग्न झाल्यापासून आठ-नऊ महिने मी माहेरी गेले नव्हते. मधल्या काळात आई आजारी पडून उठली, तेव्हाही जाता आलं नव्हतं. ट्रक आला तेव्हाच तुम्ही म्हणाला होतात, "एवढा ट्रक निपटला का तू मोकळी. नाही निपटला तं उद्याही बसाच लागन, मी एकटा काय करू?" त्यात तुमची चूक काहीच नव्हती. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एवढंच होतं, की हा ट्रक आज निपटला पाहिजे.

मी केबिनमध्ये बसले आहे. दिवा पेटलेला आहे, पिवळा, उन्हात मळकट दिसतो. तुम्ही खाली बारदान्यावर आडवे. "हाय?" "हाय." पहिल्या चार-पाच वेळा मी खरंच बघून सांगितलं. मग स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. बुलढाण्याची गाडी. मी खिडकीतून बाहेर वाकले. "आता?" "हाय," मी म्हणाले, दिव्याकडे न बघता. लोक उतरत होते. "आता?" "हाय." एक म्हातारी उतरली, तिची पिशवी अडकली. "आता?" "हाय." मग माझा भाऊ उतरला, खांद्याला पिशवी, इकडेतिकडे बघत. त्याला मी दिसले नाही. एवढ्या माणसांत मला हाक मारता येईना. "आता? माय?" मी मान आत घेतली. दिवा विझलेला होता. केव्हा विझला, मला माहीत नव्हतं. तुम्ही तोवर पार मागे, उजव्या दिव्यापाशी पोचला होतात. मी म्हणाले, "आत्ताच गेला, मामाजी."

'गेला' हे खरं होतं. 'आत्ताच' हे खोटं होतं. त्याआधी तीन जागा तुम्ही हलवल्या होत्या, त्यांतल्या कुठल्याही जागेवर तो गेला असेल. "पुन्हा एकदा पुढून पाहू," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? शब्द तोंडात आलाही होता. पण पुन्हा पाहायचं म्हणजे तासभर, म्हणजे अंधार, म्हणजे उद्या. तुम्ही उजव्या दिव्याचा होल्डर उघडलात. जुन्या ट्रकमध्ये कुठेही हात घाला, काहीतरी कुजलेलं सापडतंच. तिथे एक सडका जोड सापडला. तुम्ही तो बोटांनी चाचपलात, म्हणालात, "हेच थे." नवा जोड दिलात, टेप मारलीत, फ्यूज टाकलात, सगळे दिवे लागले. वायर हलल्यामुळे तांबं लोखंडापासून तेवढ्यापुरतं सुटलं होतं, म्हणून लागले. ड्रायव्हर म्हणाला, "बुवा, हाताले डोळे हायेत तुमच्या." तुम्ही खूश झालात. मला म्हणालात, "जाय माय, भाऊ आला असंन." मी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून, सकाळी पहिल्या गाडीने गेले.

त्याच रात्री तो ट्रक मोताळ्याच्या पलीकडे चढावर हळू चालला होता. रस्त्याच्या धक्क्यांनी वायर पुन्हा लोखंडाला लागली, मागच्या दिव्यांचा फ्यूज उडाला. पुढचे दिवे वेगळ्या फ्यूजवर, म्हणून ड्रायव्हरला काही कळलंच नाही. मागून एक माणूस मोटारसायकलवर आला, अंधारात त्याला ट्रक दिसलाच नाही, तो मागून आदळला आणि गेला. कपडे शिवायचा तो, मुसलमान होता, बाजूच्या गावचा. दिवाळीचे शिवलेले कपडे घरोघर पोचवून परत चालला होता, दोन-तीन घरचे अजून उरले होते. हे सगळं मला जानेफळला पाडव्याच्या दिवशी भावाने सांगितलं. आई करंज्या तळत होती. भाऊ म्हणाला, "तुझ्या सासऱ्यानं केलेली वायरिंग होती म्हणे." मी म्हणाले, "असेल." आईने मला करंजी दिली, ती मी खाल्ली. हेही सांगून टाकते, मी ती पूर्ण खाल्ली.

भाऊबीज करून परत आले तोवर गावात सगळं बोलून झालं होतं. ट्रक ठाण्यात उभा होता. मलकापूरच्या एका वायरमनने खाली शिरून दाखवलं होतं की जुडी मधल्या आडव्या लोखंडावर घासत होती, प्लास्टिक गेलेलं होतं, डोळ्यांना सरळ दिसत होतं. तुम्ही उजवा दिवा उघडला होतात, ती जागा त्याच्या दोन-तीन हात पुढे होती. आणि तुम्ही भर चौकात कबूल केलं होतंत की मला दिसत नाही, सात-आठ महिने दिसत नाही, मी अंदाजाने काम करत होतो. माझं नाव कुठेही घेतलं नाहीत. कुणी विचारलं तर म्हणालात, "सून पाना देत व्हती, तिले काय ठाऊक." त्या शिंप्याच्या घरात तुम्ही एकटेच गेलात. लोक म्हणाले जाऊ नका, मारतील. त्याच्या भावाने तुम्हाला बसायला बाज टाकली आणि तांब्याभर पाणी दिलं. तुम्ही तिथे म्हणालात, "माह्या डोळ्यानं तुमचा माणूस गेला." तो भाऊ म्हणे नुसता तुमच्या डोळ्यांकडे बघत राहिला. हे मला पंक्चरवाल्या चाचांनी सांगितलं, ते तुम्हाला दारापर्यंत पोचवून बाहेर उभे होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारी तांदूळ निवडत होते. तुम्ही भिंत धरत आलात, पायरीवर बसलात. मग विचारलंत, आवाज अगदी साधा, जणू किती वाजले विचारावं तसा, "दिवा तेव्हाच गेला व्हता ना, माय?" मामाजी, तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत. तुम्ही रागावणार नव्हतात, हे मला तेव्हाही कळत होतं. मी सुपातल्या तांदळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो, तेव्हाच." तुम्ही मान हलवलीत. "मंग माहेच डोळे," म्हणालात आणि उठलात. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात. खिडकीतून बाहेर वाकले ती चूक होती, ती कुणाच्याही हातून होऊ शकते, असं मी मनाला सांगू शकते आणि सांगतेही. या 'हो'चं मला काहीच करता येत नाही.

त्यानंतर तुम्ही पाना धरला नाहीत. बुलढाण्याला मोतीबिंदूचं फुकट शिबिर होतं, गावातली आठ-दहा म्हातारी माणसं जीपने गेली, तुम्ही गेला नाहीत. "आता पाहून काय कराचं?" तुमचा मुलगा तेव्हा तापट होता. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "दिसत नव्हतं तं पाना खाली ठेवाचा व्हता, बाबा. हट्टापायी माणूस मारला." मी दारामागे उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, बघून दिसलंही नसतं. दीड वर्ष तुम्ही ओट्यावर बसून काढलंत. कुठला ट्रक चालला ते आवाजावरून ओळखायचात आणि कुणालाच सांगायचा नाहीत, फक्त बोटं मांडीवर हलायची. मी तुम्हाला चहा आणून द्यायची, कप हातात नीट धरवायची, दोन्ही हातांनी. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सून देवमाणूस मिळाली. एका चैत्रात तुम्ही झोपेतच गेलात. तुमच्या सामानाची पेटी भंगारात गेली. चिमट्यांचा तो होल्डर आणि त्यातला बल्ब मात्र मी आधीच काढून घेतला होता, का ते विचारू नका.

आता सोमवारचं सांगते. हौद्यात मका भरलेला, मलकापूरला पोचवायचा. दोन फ्यूज उडाले तसे स्टँडवरचा वायरमन येऊन गेला. म्हणाला, "काकू, एवढी जुनी वायरिंग कोन शोधत बसते? पुरी काढून फेका, नवी टाका." तो गेला. यांनी एका जुन्या वायरचं टोक सोललं, आतली तांब्याची तार काढली आणि फ्यूजवर गुंडाळायला घेतली. मी ओट्यावरून उतरले आणि ट्रकच्या दारात उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अशी कधी आडवी आलेली नाही. "अवं, सरक ना. काऊन आडवी येऊन राह्यली?" हे म्हणाले. मी म्हणाले, "तार लावून हा ट्रक इथून हलणार नाही." "मंग कोन शोधन? तू शोधतं का?" "मी शोधते. तुम्ही फक्त दिवा बघा." ते हसले. मी आत जाऊन होल्डर आणला, मागचे बल्ब काढले, फ्यूजच्या जागी चिमटे लावले. बल्ब पेटला. इतक्या वर्षांनी तो पेटेल असं मला वाटलं नव्हतं. यांचं हसू थांबलं.

बारदाना टाकून मी खाली शिरले, पदर खोचून, पंचेचाळिशीत. खालून ट्रक काय दिसतो ते मला पहिल्यांदा कळलं. मामाजी, तिथे अंधारच असतो. डोळे असून काही दिसत नाही, बोटांनीच बघावं लागतं. मी जुडी धरली. "आहे?" "हाय." "आता?" "हाय." पाच-सहा जागा झाल्या. मग माझ्या लक्षात आलं की 'हाय' फार लवकर येतंय, एकाच सुरात. मी हात न लावताच विचारलं, "आता?" "हाय." पुन्हा विचारायच्या आत दुसरं 'हाय' आलं. मी सरपटत बाहेर आले. हे मोबाईल बघत होते. "अवं, पाहून राह्यलो ना," म्हणाले. मी म्हणाले, "मी विचारायच्या आत तुम्ही 'हाय' म्हणालात." माझा आवाज असा काही चढला की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "एवढं काय झालं? पुन्हा पाहू," हे म्हणाले, आणि मोबाईल खिशात घातला. पुन्हा पाहू. इतक्या सहज म्हणाले ते.

आम्ही पुढून पुन्हा सुरुवात केली. जिथे जुडी आडव्या लोखंडावरून जाते तिथे ती धरून ठेवणारी पट्टी तुटलेली होती. तिथे बोट लागलं आणि यांचा आवाज आला, "गेला! अवं, गेला!" सोडलं, "आला!" पुन्हा उचललं, "गेला!" लहान मुलासारखे ओरडत होते. मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. तांबं उघडं पडून हिरवट झालेलं, लोखंडावर काळा डाग. मी तीन पदरी टेप मारली, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला, पट्टीच्या जागी सुतळी आवळली. बाहेर आले तर हे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. "हे कुठं शिकली तू?" "मामाजींपाशी." यांच्या कपाळावर आठी आली. मका बांधायचा दोर ओढत म्हणाले, "बाबाले एवढं दिसलं असतं तं थो शिंपी आज जित्ता राह्यला असता."

तेव्हा मी सांगितलं. किंवा सांगायला लागले. म्हणाले, "त्या दिवशी केबिनमध्ये मी बसले होते. दिवा मी बघत होते. मामाजींना रंगही मीच सांगायची, ते माझ्या शब्दावर काम करत." हे थांबले. दोर हातातच. "दिवा केव्हा गेला ते मी बघितलं नव्हतं. तरी आत्ताच गेला म्हणून सांगितलं." "काऊन? कुठं पाहत व्हती?" आणि इथे, मामाजी, माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "मारुतीच्या देवळात आरती सुरू झाली होती. मी हात जोडून डोळे मिटले होते."

आरती त्या वेळी रोज असायची, त्या दिवशीही असेल. मला ती ऐकूसुद्धा आली नव्हती. यांनी दोराला गाठ मारली आणि हे इतक्या मऊ आवाजात बोलले, जसे ते माझ्याशी एरवी बोलत नाहीत. "आरती सुरू असन तं कोनीबी हात जोडन. देवाचं नाव घेतलं, त्याच्यात तुही काय चूक? ज्याचं काम, त्यानं पाहाले पाह्यजे. दिसत नसतानी सुनेच्या भरवशावर ट्रक सोडला, हे बाबाचंच चुकलं." मग पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एवढी वर्षं हे मनात ठेवून बसली? येडी हायेस." फ्यूज टाकला, दिवे लागले, ट्रक गेला. पुलाच्या वळणापर्यंत मागचे दोन्ही लाल दिवे मला दिसत होते.

म्हणजे आता तुमच्यावर दोन दोष झाले. आधी फक्त दिसत नव्हतं एवढाच होता, आता सुनेवर भार टाकला हाही आहे. तो मी घातला, आणि देवाला साक्षीला धरून घातला. चार दिवस झाले, निरांजन लावते पण ओवाळायला हात उचलत नाही; नुसतं ठेवते आणि येते. एक वाक्य बाकी आहे. मी गाडीकडे बघत होते, मला माहेरी जायचं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. हे यांना सांगितलं की यांना कळेल, आपण बापाला काय काय बोललो आणि कुणासाठी. त्यानंतर हे माझ्याकडे कसे बघतील ते मला दिसतं आहे, अगदी स्वच्छ.

हे आत्ता ओट्यावर बसले आहेत, तुम्ही बसायचात त्याच बाजूला नाही, दाराच्या अलीकडे. यांना वाचता येतं. ही पानं नेऊन पुढ्यात ठेवायला दहा पावलं आहेत. मी ती घडी करून तांदळाच्या डब्याखाली सारणार आहे, जिथे हात फक्त माझाच जातो. एक मात्र तुमच्याशी तरी खरं बोलते, मामाजी. सोमवारी यांनी सगळं पुन्हा तुमच्यावर टाकलं आणि मला पाणी दिलं, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी ते पाणी घटाघटा प्याले.